तिसरा दाणा

लाईट आली की गोष्ट बंद, हे आधीच सांगून ठेवतो. टॉर्च एकच राहू दे, आणि तीही माझ्याकडे. ए लांब केसांची, तू भिंतीला टेकून बस, म्हणजे निदान पाठीमागून कोणी येणार नाही. पुढून आलं तर ज्याचं त्याने बघायचं.

मी सातवी नापास माणूस. पण तेवीस वर्षं दवाखान्याची लिफ्ट चालवली, त्यामुळे शिकलेल्या लोकांना वर-खाली करण्यात माझा हात कोणी धरणार नाही. चौथ्या मजल्यावर माझा एक दोस्त होता. त्याच्या कॉलरला, बाह्यांना, चष्म्याला कायम मेणाचे कण चिकटलेले असायचे, म्हणून सगळे त्याला मेणकाका म्हणायचे. ही गोष्ट त्याची. मी त्याला फक्त वर सोडला आणि सकाळी खाली आणला. मधलं त्याने सांगितलं. आणि तो थापा मारणारा माणूस नव्हता. ते खातं माझ्याकडे होतं.

त्याचं काम ऐका, म्हणजे पुढे कोणी मध्येच "म्हणजे काय?" विचारणार नाही. माणसाच्या पोटातून, छातीतून, कुठूनही काढलेला तुकडा तपासायचा असला की तो आधी मेणात बसवतात. काडेपेटीहून लहान वडी होते, तिला ब्लॉक म्हणतात. मग तो ब्लॉक यंत्रात आवळायचा आणि चाक फिरवत सुरीवर त्याचे पापुद्रे काढायचे. किती पातळ? आपला एक केस घ्या, त्याचे उभे वीस-पंचवीस काप करा, त्यातला एक. असा पापुद्रा कोमट पाण्याच्या काळ्या भांड्यावर सोडायचा, तो सुरकुत्या टाकून सपाट पसरतो, मग खालून काच घालून अलगद उचलायचा. बायका दुधावरची साय उचलतात तसा. बायका कशाला, मीसुद्धा चोरून उचलायचो.

मेण थंड हवं म्हणून ब्लॉक बर्फावर ठेवतात. पण फार थंड झालं की पापुद्रा तडकतो. त्यावर या लोकांची एक युक्ती असते. चाक फिरवायच्या आधी ब्लॉकच्या तोंडावर तोंडाने हलकेच "हा" करायचं. चष्म्यावर करतो तसं. एवढीशी वाफ बसते, मेण मऊ होतं आणि पापुद्रा रेशमासारखा निघतो. हे लक्षात ठेवा. ते "हा" विसरू नका.

आणखी एक. कधीकधी आधीच्या रोग्याचा एखादा कण त्या पाण्यात राहून जातो आणि दुसऱ्याच्या काचेवर चढतो. त्याला ते लोक पाहुणा म्हणतात. या पाहुण्याला फार भितात. एकाचा रोग दुसऱ्याच्या नावावर चढला म्हणजे काय होईल, विचार करा. म्हणून पाण्यावर आपण न कापलेलं काही तरंगताना दिसलं, की कागदाने पुसून फेकायचं. काचेवर घ्यायचं नाही. त्या कामात याहून मोठं पाप नाही.

तर मेणकाकाची बायको आतड्याच्या कॅन्सरने गेली. वय सेहेचाळीस. रोग इतका पुढे गेला होता की ऑपरेशन झालंच नाही. दुर्बिणीतून तीन कण काढले होते, तांदळाच्या तुटक्या दाण्यांएवढे. त्यांचा ब्लॉक चौथ्या मजल्यावर आला तेव्हा मेणकाका म्हणाला, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, मी कापतो. कापायला बसला. वरवरचं मेण तासताना चाक कितीतरी फेरे जास्त फिरलं. तीनातला एक दाणा अख्खा तासला जाऊन चुऱ्यात पडला. चुरा कचऱ्यात. त्या खात्याच्या मोठ्या डॉक्टरीण होत्या, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. त्यांनी विचारलं, "तीन लिहिलेत, दिसतायत दोनच?"

मेणकाका म्हणाला, "तिसरा म्हणजे नुसती आव असेल, विरघळली."

बाईंनी मान डोलावली. रोगाचं निदान दोन दाण्यांवर झालं, बरोबरच झालं. तिसऱ्याबद्दल त्याने तोंडाला कुलूप लावलं. बायकोलाही बोलला नाही. मलाही नाही, आणि माझ्यापाशी तर लोक काहीही बोलतात. लिफ्टमध्ये दुसरं करणार काय.

ती गेली ती रात्र तो शेजारी बसून होता. श्वास लांबत चालले होते. त्याला मोजायची सवय, तो मधली सेकंदं मोजत बसला. सात सेकंदांनी एक आला. मग नऊनी एक. मग अकरांनी. मग तो मोजतच राहिला. चारशेपर्यंत पोचला तेव्हा नर्सने त्याच्या हातावर हात ठेवला.

तो रडला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. मी चेष्टा केली तर हसायचा, पण हसणं ओठांपर्यंतच, वर डोळ्यांत चढायचं नाही. एकदा म्हणाला, "बर्फावर बोट ठेवलं की आधी दुखतं, मग काहीच वाटत नाही बघ. तसं चाललंय. बरं आहे." त्याचा चष्मा कायम मेणाने धुरकट असायचा. पूर्वी ती रोज सकाळी दारात थांबवून त्याच्या नाकावरचा चष्मा काढायची, "हा" करायची, ओढणीने पुसायची आणि म्हणायची, "अहो, जरा जग बघा." आता तो धुरकटच राहिला. मी एकदा पुसायला मागितला तर दिला नाही.

आता लेकीचं ऐका. लेक सव्वीस वर्षांची, नोकरी करणारी. अधूनमधून पोट दुखायचं, दमायची. मोठ्या बाईंच्या कानावर गेलं. बाईंनी मेणकाकाला बोलावलं.

"आई इतक्या लहान वयात गेली. हे घराण्यातून आलेलं असू शकतं. लेकीची आतडी दुर्बिणीने तपासून घ्या."

लेकीने घरी साफ सांगितलं, "बाबा, मी त्या टेबलावर झोपणार नाही. आईचं बघितलंय मी. तिथून सुरू झालं ते कुठे थांबलं?"

"तपासच आहे गं."

"आईलाही तपासच म्हणाले होते. घराण्याचं आहे असं कागदावर दाखवा, मग बघू. नाहीतर विषय बंद. आणि तुम्ही मला सांगू नका. वर्ष झालं, तुम्ही जेवताना मीठ मागण्यापलीकडे बोलला नाहीत माझ्याशी."

खरं होतं.

बाई म्हणाल्या, "कागदच हवा ना? आईचा जुना ब्लॉक आहे. त्यावर चार प्रथिनं तपासू. प्रत्येकाला एक काच. पेशीत प्रथिन असेल तर तपकिरी रंग येतो, नसेल तर पेशी निळी राहते. चारातलं एक जरी गायब निघालं तरी घराण्याचा संशय पक्का. तीन तपासून एक सोडलं तर काही खरं नाही. चार काचा हव्यात." मग त्यांनी ब्लॉक उजेडासमोर धरला. "फार थोडं उरलंय हो. पाच पापुद्रे निघाले तर नशीब. संपलं की संपलं."

उरलं थोडं का होतं, ते त्याला एकट्याला माहीत होतं.

दिवसा तिसऱ्या मजल्यावर भिंत फोडायचं काम चालायचं, सुरी थरथरायची. म्हणून त्याने रात्र धरली. गुरुवार. अकरा वाजून वीस मिनिटांनी तो माझ्या लिफ्टमध्ये शिरला. मी म्हटलं, "काका, एवढ्या रात्री वर कोणी भेटणार आहे वाटतं?"

"बायकोकडे चाललोय," तो म्हणाला. चेहरा जसाच्या तसा. विनोद होता की काय, मला कळलंच नाही. माझं तोंड बंद करणारा तो पहिला माणूस.

वर गेला. दिवे लावले. नवी सुरी बसवली. भांड्यातलं पाणी बदललं आणि कोरा कागद पाण्यावर फिरवून घेतला. एकदा नाही, तीनदा. पाहुणा नको म्हणून. पाणी आरशासारखं स्वच्छ. खास काचा काढल्या, ज्यांना पापुद्रा घट्ट धरून राहतो. रंगाच्या आधी त्या उकळत्या पाण्यातून जातात, साध्या काचेवरचा निघूनच जाईल. काचेच्या टोकाला पेन्सिलीने नंबर घातले. शाई टिकत नाही, पेन्सिल टिकते. हातमोजे घातले. नाकातोंडावर मास्क बांधला, दोन पदरी. आपल्या कातडीचा, थुंकीचा कण काचेवर पडू नये म्हणून.

आता सांगा, मास्क बांधल्यावर "हा" कसं करणार?

नाही करता येत. त्यालाही ते ठाऊक होतं. बर्फ थोडा कमी ठेवू, एवढाच त्याचा हिशोब.

ब्लॉक आवळला. ब्लॉकचं तोंड सुरीशी समांतर केलं, पुन्हा केलं, पुन्हा बघितलं. चाक फिरवलं. पहिला पापुद्रा आला आणि मधोमध तडकला. गेला. पाचातला एक गेला. आता चारच, आणि चारच हव्या होत्या.

त्याने हात चाकावरून काढला. ब्लॉककडे बघत राहिला.

ब्लॉकच्या तोंडावर वाफ बसली.

अशी गोल. रुपयाएवढी. मग विरली.

त्याने वर बघितलं. एसी बंद होता. पाण्याचं भांडं हातभर लांब. मास्क चाचपला. घट्ट होता.

कोणीतरी मोजायला लागलं. तोच. सवयीने. एक, दोन, तीन...

सातला पुन्हा वाफ बसली.

विचार केला असता तर पळाला असता. पण बधिर माणसाचं एक बरं असतं, हात आपलं काम करतो. त्याने चाक फिरवलं. पापुद्रा रेशमासारखा उतरला. दोन दाणे, शेजारी शेजारी.

वाफ विरली. तो मोजू लागला. आता त्याला कळलं होतं आपण काय मोजतोय.

...नऊ.

वाफ. चाक. दुसरा पापुद्रा पहिल्याच्या शेपटीला चिकटून आला.

दवाखान्यात आवाज नव्हता. माझी लिफ्ट खाली उभी. पाण्याच्या भांड्याचा लाल दिवा. बस.

...अकरा.

वाफ. चाक. तिसरा.

मग तो थांबला.

शहाण्या माणसाने चौथाही तेव्हाच कापला असता. ब्लॉक थंड होता, हात बसला होता. पण हा थांबला. मोजत राहिला. बारा. वीस. साठ. एकदा तो चारशेपर्यंत मोजून उठला होता ना, या खेपेला उठायचं नाही असं ठरवून बसला. एकशे ऐंशी. तीनशे.

वाफ आली नाही.

चारशे.

बर्फाचं पाणी झालं. मेण कोमट झालं. हे त्याला दिसत होतं, तीस वर्षांचा कारागीर, त्याला दिसणार नाही होय? दिसत होतं आणि हात उठत नव्हता. अखेर चाक फिरवलं तेव्हा चौथा पापुद्रा चुरगळला, गोळा झाला आणि सुरीला चिकटून बसला. त्याने ब्लॉक काढून दिव्यासमोर धरला. आरपार मेण. काही उरलं नव्हतं.

तीन काचा. चौथी नाही. लेकीचा कागद नाही.

"पुन्हा तेच," तो म्हणाला. मोठ्याने. तेवढंच.

तीन पापुद्रे पाण्यावर सोडले, एकेक वेगळा केला, एकेका काचेवर घेतला, काचा निथळायला उभ्या केल्या. हात काम करत होते. वळून पाणी पुसायला गेला.

पाण्यावर एक पापुद्रा होता.

सपाट. एक सुरकुती नाही. मधोमध.

तिन्ही काचा मोजल्या. तिन्ही भरलेल्या. सुरीवरचा गोळा सुरीवरच. पाहुणा, तो मनात म्हणाला. कागद घेतला, पुसला, कचऱ्यात टाकला.

वळला. पुन्हा वळला.

होता.

पुसला. कागद उलगडून बघितला. कागदावर काही नाही. नुसता ओला.

पाण्यावर... होता.

आता त्याने वाकून बघितलं. चष्मा धुरकट. नीट दिसेना. आणखी वाकला.

दोन दाणे, शेजारी शेजारी. आणि जरा खाली...

तिसरा.

...

ए, हलू नका रे. टॉर्च माझ्याकडेच आहे.

तिसरा दाणा कचऱ्यात गेला त्याला पावणेदोन वर्षं झाली होती. जगात एकाच माणसाला ते ठाऊक होतं. म्हणजे त्याची तशी समजूत होती.

नियम माहीत होता. पाहुण्याला काचेवर घ्यायचं नाही. लेक त्या काचेवर जगणार किंवा मरणार होती. तो तिथे उभा राहिला. किती वेळ, सांगता येत नाही, कारण या खेपेला त्याने मोजलं नाही.

मग चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या. दोन्ही. बाहेरून.

त्याला काही दिसेना. गालावर ओलसर ऊब लागली. वर्षभरात पहिल्यांदा त्याला कसलातरी स्पर्श कळला, असं तो म्हणाला. हललो नाही, म्हणाला. कोणी हललं असतं?

धुकं विरलं. चष्मा धुरकट नव्हता. मेणाचा एक कण नव्हता. पाण्यावरचे तीन दाणे लख्ख दिसत होते.

त्याने चौथी काच घेतली. पेन्सिलीने घातलेला नंबर खोडून टाकला. तिथे फक्त प्रश्नचिन्ह काढलं. मग काच पाण्यात घालून पापुद्रा उचलला. चारही काचा रात्रभर ओव्हनमध्ये सुकत ठेवल्या आणि त्यांच्यासमोर स्टुलावर बसून राहिला.

सकाळी पावणेसातला मी त्याला खाली आणला. त्याने मधल्या मजल्यावर लिफ्ट थांबवायला सांगितली आणि हे सगळं सांगितलं. मी काही चेष्टा करणार होतो. त्याचा चष्मा बघितला आणि राहू दिलं.

नऊ वाजता तो मोठ्या बाईंपुढे उभा राहिला आणि आधी तिसऱ्या दाण्याचं कबूल केलं. मग रात्रीचं. बाई चिडल्या नाहीत, हसल्याही नाहीत. म्हणाल्या, "प्रश्नचिन्हावर मी सही करणार नाही."

"करू नका. पण रंग द्या."

रंगाचं औषध उघडलंच होतं, म्हणून चौथं प्रथिन त्या काचेवर बघितलं. संध्याकाळी त्यांनी त्याला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. पहिल्या तीन काचांवर सगळं तपकिरी, जसं असायला हवं तसं. चौथीवर कडेच्या चांगल्या पेशी तपकिरी, आणि मधल्या रोगाच्या पेशी निळ्या. तिन्ही दाण्यांत. बाईंनी पहिली काच आणि चौथी काच शेजारी ठेवली. दोन दाण्यांची कड न् कड जुळत होती. एका बाजूला छोटी खाच होती, तीसुद्धा.

"दोन जुळतात," बाई म्हणाल्या. दोन्ही काचा पुन्हा एकदा बघितल्या. मग म्हणाल्या, "कागद देता येणार नाही. लेकीला मात्र घेऊन या."

कागद नव्हताच. तो घरी गेला, लेकीसमोर बसला आणि बोलला. किती बोलला म्हणता? आईचं, दाण्याचं, चारशेचं, सगळं. बोलता बोलता रडला. लेक आधी घाबरली, मग उठून त्याच्याजवळ बसली. म्हणाली, "बाबा, तुमचा चष्मा कोणी पुसला?"

सोमवारी ती त्या टेबलावर झोपली. आतड्यात वाटाण्याएवढी गाठ निघाली. अजून तिचा कॅन्सर झाला नव्हता, दोन वर्षांनी झाला असता. तिथल्या तिथे काढली. नंतर तिचं रक्त तपासलं. घराण्यातला दोष निघाला, त्याच चौथ्या प्रथिनाचा. आता दरवर्षी तपासणी करून घेते, वर मलाच दम देते, काका तुम्ही कधी करणार म्हणून.

संपली गोष्ट. पुढचं तुम्ही विचारणारच. ब्लॉकचं काय झालं?

मेणकाका निवृत्त झाला तेव्हा तो रिकामा ब्लॉक बाईंनी त्याला दिला. आत काही नाही, ठेवून करायचं काय. काही दिवस त्याच्या घरात होता. मग एके दिवशी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "तू ठेव. माझ्याकडे असला की मी रात्रभर मोजत बसतो."

हा बघा. वरच्या खिशात असतो माझ्या. घे, ए लांब केसांची, तुझ्याच तळहातावर. नुसतं मेण आहे, चावत नाही. मी लांब सरकतो, माझ्यावर आळ नको. टॉर्च त्यावर धरतो.

आता सगळ्यांनी श्वास रोखा. नाक दाबा हवं तर. आणि मनात मोजा माझ्याबरोबर.

एक. दोन. तीन...

...सात...

...नऊ...

...

अकरा.

कोणी श्वास सोडला?